दोन विमानतळ आणि एक दोरा

विद्यार्थिमित्रांनो, हा लेख वाचायला बसण्यापूर्वी दोन वस्तू जवळ घ्या : शाळेतील पृथ्वीचा गोल आणि वीतभर दोरा. दोरा कोठेही मिळेल. गोल मात्र बहुधा शिक्षकांच्या खोलीतील कपाटात, वर्षानुवर्षांच्या धुळीसकट, कुलपात असेल. तो मागून घ्या. मागताना भीड बाळगू नका. तो तुमच्यासाठीच विकत घेतलेला आहे.

आता गोलावर दोन गावे शोधा. नॉर्वेच्या उत्तरेला आर्क्टिक महासागरात स्वालबार्ड नावाचा द्वीपसमूह आहे. त्यातले मुख्य गाव लाँगियरब्येन. वस्ती अडीच हजारांच्या आसपास. उत्तर अक्षांश ७८ अंश १५ मिनिटे, पूर्व रेखांश १५ अंश २८ मिनिटे. येथला विमानतळ १९७५ साली सुरू झाला. बारमाही गोठलेल्या जमिनीवर त्याची धावपट्टी बांधली आहे आणि नियमित प्रवासी विमाने जेथे उतरतात अशा विमानतळांमध्ये तो जगात सर्वांत उत्तरेचा आहे. दुसरे गाव अलास्काच्या उत्तर टोकाशी : उत्कियाग्विक. २०१६ सालापर्यंत त्याचे अधिकृत नाव बॅरो असे होते. जुन्या गोलावर तुम्हाला तेच सापडेल. वस्ती पाच हजारांच्या आत. उत्तर अक्षांश ७१ अंश १७ मिनिटे, पश्चिम रेखांश १५६ अंश ४६ मिनिटे. येथल्या विमानतळाला वायली पोस्ट हा वैमानिक आणि विल रॉजर्स हा विनोदी लेखक यांची नावे दिलेली आहेत. १९३५ साली दोघेही याच परिसरात विमान कोसळून मरण पावले. दोन्ही गावे अशी, की बाहेरच्या जगातून तेथे जाणारी एकही सडक नाही. विमान, नाही तर उन्हाळ्यात जहाज.

प्रश्न अगदी साधा आहे. ह्या दोन विमानतळांमधले अंतर किती, आणि विमानाला वेळ किती लागेल?

सातवी-आठवीपासून तुम्ही असली गणिते करीत आला आहात. अंतर भागिले वेग बरोबर वेळ. एकक लिहिले, खाली दोन रेघा मारल्या, की गुण हातात. मला आज ह्या गणिताविरुद्ध थोडे बोलायचे आहे. मी स्वतः महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवतो आणि ही गणिते दरवर्षी घालतो, तेव्हा हे बोलणे माझ्याविरुद्धही आहे हे मला ठाऊक आहे.

प्रथम अंतर पाहू. वर्गातील भिंतीवर जगाचा नकाशा असेल, तर तो बहुधा मर्केटर ह्या नकाशाकाराच्या पद्धतीने काढलेला किंवा तिच्या जवळचा असेल. मर्केटरचा मूळ नकाशा १५६९ सालचा. खलाशांसाठी तो फार सोयीचा होता, कारण होकायंत्राची एकच दिशा धरून गेले तर नकाशावर सरळ रेषा मिळते. पण ह्या सोयीची किंमत ध्रुवाकडील प्रदेशांनी मोजली. रेखावृत्ते प्रत्यक्षात ध्रुवाशी एकत्र येतात. नकाशात ती शेवटपर्यंत समांतरच राहतात. त्यामुळे ७८ अंशांवरचा प्रदेश जवळजवळ पाचपट ताणला जातो, आणि ध्रुव तर ह्या नकाशावर दाखवताच येत नाही. आता पट्टी घेऊन आपली दोन गावे जोडा. एक नकाशाच्या मध्याजवळ, दुसरे डाव्या टोकाला. नकाशाच्या तळाशी छापलेले प्रमाण विषुववृत्तासाठी असते. ते वापरून गुणाकार केला, तर उत्तर येईल सुमारे १९ हजार किलोमीटर. म्हणजे जवळजवळ अर्धी पृथ्वीप्रदक्षिणा!

नकाशावर विश्वास न ठेवणारा हुशार विद्यार्थी म्हणेल, "सर, उत्तरेला अक्षवृत्ते लहान होतात." अगदी बरोबर. ७५ अंशांचे अक्षवृत्त घ्या. त्याचा परीघ म्हणजे पृथ्वीचा परीघ गुणिले ७५ अंशांची कोज्या, ४०,००० गुणिले ०.२५९, म्हणजे सुमारे १०,३५० कि.मी. दोन गावांच्या रेखांशांत १७२ अंशांचा फरक आहे. तेव्हा ह्या वर्तुळाच्या कडेकडेने गेल्यास सुमारे ४,९५० कि.मी. होतील. उत्तर एकदम चौथ्या हिश्श्यावर आले.

आता दोरा घ्या. एक टोक लाँगियरब्येनवर, दुसरे उत्कियाग्विकवर, आणि ताणा. दोरा कोठून जातो ते पहा. पूर्वेकडून नाही, पश्चिमेकडूनही नाही. तो सरळ उत्तरेकडे, ध्रुवाच्या अंगावरून जातो. (येथे एक अडचण येईल. गोल ज्या खिळ्यावर फिरतो तो नेमका ध्रुवावरच असतो आणि दोरा त्याला अडतो. गोल बनवणाऱ्यांनी ध्रुवावरून कोणी प्रवास करील अशी कल्पनाच केलेली नसावी.) गोल ३० सेंटिमीटर व्यासाचा असेल, तर त्याचा परीघ ९४ सें.मी., म्हणून १ सें.मी. म्हणजे सुमारे ४२४ कि.मी. दोरा भरेल ८ सें.मी. अंतर सुमारे ३,४०० कि.मी.

दोऱ्याने दिलेले उत्तर आता आकड्यांनी तपासा. दोन गावांची रेखावृत्ते जवळजवळ समोरासमोर आहेत. १८० अंशांना फक्त ८ कमी. म्हणून वाट ध्रुवावरूनच जाते असे धरायला हरकत नाही. लाँगियरब्येन ध्रुवापासून ११ अंश ४५ मिनिटे दूर, उत्कियाग्विक १८ अंश ४३ मिनिटे. बेरीज ३० अंश २८ मिनिटे. एका अंशाला १११ कि.मी. ह्या हिशेबाने सुमारे ३,३८० कि.मी. गोलीय त्रिकोणमितीचे सूत्र वापरून मी हेच काढले तेव्हा फरक दहा किलोमीटरांपेक्षा कमी पडला. खरी वाट ध्रुवाच्या शेजारून, जेमतेम ११० कि.मी. अंतरावरून जाते.

हे १११ पाठ करू नका. फ्रान्समध्ये अठराव्या शतकाच्या अखेरीस मीटर ठरवला तो असा, की ध्रुवापासून विषुववृत्तापर्यंतची लांबी एक कोटी मीटर, म्हणजे १०,००० किलोमीटर भरावी. त्याला ९० ने भागा. आणि एका अंशाचे साठ भाग केले की एकेक भाग होतो जवळजवळ १.८५ कि.मी. हाच तो सागरी मैल. आजही वैमानिक आणि खलाशी तोच वापरतात, ते काही जुन्याच्या हौसेने नव्हे. गोलावरचा कोन आणि वाटेची लांबी ह्यांत त्यांना गुणाकार करावा लागत नाही.

गोलावरील दोन बिंदूंमधील सर्वांत जवळची वाट ही बृहद्वृत्ताचा भाग असते, हे वाक्य भूगोलात तुम्ही वाचले असेल. परीक्षेत लिहिलेही असेल. पण बृहद्वृत्ताचे एक विचित्र वैशिष्ट्य दोरा हातात घेतल्याशिवाय पटत नाही. आपले विमान लाँगियरब्येनहून निघते तेव्हा त्याचे तोंड जवळजवळ उत्तरेला असते. उत्कियाग्विकला पोचते तेव्हा जवळजवळ दक्षिणेला. वाटेत वैमानिकाने विमान कोठेही वळवलेले नाही! ध्रुवाजवळून जाताना काही मिनिटांतच त्याची "दिशा" उत्तरेची पश्चिम आणि पश्चिमेची दक्षिण झाली. वळले ते विमान नव्हे. आपण दिशांना दिलेली नावे वळली.

माझे पहिले मत येथेच सांगून टाकतो. भिंतीवरचा नकाशा काढून टाका असे मी म्हणत नाही. पण ज्या वर्गात नकाशा आहे आणि गोल नाही, त्या वर्गात पृथ्वी सपाटच शिकवली जाते, मग पुस्तकात काहीही छापलेले असो. माझ्याकडे अकरावीला येणारे विद्यार्थी पृथ्वी गोल असल्याचे पुरावे धडाधड सांगतात. पण मुंबईहून न्यूयॉर्कला जायची वाट विचारली, तर त्यांचे बोट अरबी समुद्र, आफ्रिका, अटलांटिक असे सरळ पश्चिमेला जाते. गोल पाहिलेला नाही असे नाही. गोलावर बोट ठेवलेले नाही.

आता दुसरा भाग, वेळ. ह्याच दोन ठिकाणांमधला हवाई प्रवास कोणी प्रत्यक्ष केला आहे काय? केला आहे, आणि तो फार जुना आहे.

१५ एप्रिल १९२८ रोजी ऑस्ट्रेलियात जन्मलेला ह्यूबर्ट विल्किन्स आणि अलास्कातील बर्फाळ प्रदेशात विमाने चालवण्यात मुरलेला कार्ल बेन आयल्सन हे दोघे पॉइंट बॅरोहून एका इंजिनाच्या लॉकहीड व्हेगा विमानातून निघाले. ध्रुवावरून न जाता ते मुद्दाम त्याच्या कॅनडा-ग्रीनलंडच्या अंगाने गेले. त्या भागात एखादी अज्ञात जमीन दडली आहे काय, हे त्यांना पाहायचे होते. वाट सुमारे २,२०० मैलांची, म्हणजे साडेतीन हजार किलोमीटरांची. चुंबकीय ध्रुव त्या वेळी कॅनडाच्या उत्तर भागात होता, त्यामुळे होकायंत्राची सुई वाटेत सतत आपला कल बदलत होती. विल्किन्स सूर्याची उंची मोजून जागा ठरवी, नवी दिशा काढी आणि पुढे बसलेल्या आयल्सनला कळवी. २० तास २० मिनिटांनी, वादळात, विमानातील इंधन संपत आलेले असताना, ते स्वालबार्डमधील एका निर्जन बेटावर उतरले.

येथपर्यंतचे गणित सोपे आहे. ३,५४० भागिले २०.३३, सरासरी वेग ताशी सुमारे १७४ कि.मी. पण गोष्ट येथे संपत नाही. वादळाने त्यांना त्या बेटावर पाच दिवस अडकवून ठेवले. वादळ शमले तेव्हा विमान बर्फात असे रुतले होते, की विल्किन्सने खाली उतरून ढकलल्याशिवाय ते हलेना. आणि हलले की त्याला चढायला वेळ मिळेना. दोनदा आयल्सन त्याला खालीच ठेवून उडाला आणि परत उतरला. अखेर कसेबसे दोघेही विमानात बसले आणि थोडक्याच वेळात जवळच्या ग्रीन हार्बर ह्या बिनतारी संदेश केंद्राच्या वस्तीपाशी पोचले.

तर मग मला सांगा, बॅरोहून स्वालबार्डला जायला विल्किन्सला किती वेळ लागला? वीस तास? की पाच दिवस? दोन्ही उत्तरे खरी आहेत. पहिले विमानाविषयी आहे, दुसरे प्रवाशाविषयी.

आजचे उत्तर काढू. आजकाल कोणत्याही दोन विमानतळांची नावे दिली, की भ्रमणध्वनीवर अंतर आणि वेळ क्षणात मिळते. ह्या आकड्यामागे बहुधा एक साधा हिशेब असतो : बृहद्वृत्तावरचे अंतर भागिले ताशी ८०० ते ८५० कि.मी. आणि वर अर्धा तास. हा अर्धा तास चढण्या-उतरण्यासाठी, कारण जेट विमान दहा-अकरा किलोमीटर उंचीवर जाईपर्यंत पूर्ण वेगाने जात नसते. आपल्या जोडीसाठी ३,३८० भागिले ८५० म्हणजे चार तास, वर अर्धा. साडेचार तास.

हा हिशेब वाईट नाही. नॉर्वेतील ट्रॉम्सो ते लाँगियरब्येन ही वाट त्यावर घासून पहा. अंतर सुमारे ९६० कि.मी., म्हणजे ६८ मिनिटे, अधिक ३०. उत्तर १ तास ३८ मिनिटे. प्रत्यक्षातही हा प्रवास दीड-पावणेदोन तासांचाच आहे. पण तोच नियम लाँगियरब्येन ते नी-आलेसुंड ह्या वाटेला लावा. अंतर फक्त ११० कि.मी.; नियमाने ३८ मिनिटे. तेथे जाते पंख्याचे छोटे विमान, जेटपेक्षा पुष्कळ मंद, आणि तरी ते पंचविसेक मिनिटांत पोचते! ते फार उंच चढतच नाही, म्हणून त्याला अर्ध्या तासाचा कर भरावा लागत नाही. नियम चुकीचा नव्हता. तो कोणत्या विमानासाठी आहे हे आपण विसरलो.

ताशी ८५० हा आकडा तरी पक्का आहे काय? जेट विमाने ध्वनीच्या वेगाच्या ठरावीक अपूर्णांकाने उडवली जातात. आपल्या विमानासाठी तो ०.७८ धरू. ध्वनीचा वेग हवेच्या निरपेक्ष तापमानाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असतो, हे अकरावीत तुम्ही शिकाल. बाहेर उणे ४५ अंश सेल्सियस असताना ह्या विमानाचा वेग येतो ताशी सुमारे ८५० कि.मी. आर्क्टिकच्या हिवाळ्यात तापमान उणे ६५ असले, तर तोच वेग ताशी सुमारे ८१० होतो. इंजिन तेच, वैमानिक तोच. केवळ थंडीने विमान मंदावले. चार तासांत दहा-बारा मिनिटांचा फरक पडतो.

थंडीचा दुसरा त्रास इंधनाला. विमानाच्या एका प्रकारच्या इंधनाचा गोठणबिंदू उणे ४० अंश आहे, दुसऱ्याचा उणे ४७. बाहेर उणे ६५ असताना पंखांतले इंधन गोठत कसे नाही? वेगाने पुढे जाणारे विमान समोरची हवा दाबते, आणि दाबलेली हवा तापते. सायकलच्या पंपाचे टोक तापते तसे. ह्या वेगाला ती पंचवीस-तीस अंश तापते. एवढी उब पुरत नसेल तर वैमानिकाला खाली यावे लागते किंवा वाट बदलावी लागते, आणि वेळेचा हिशेब पुन्हा बदलतो.

आणि वारा! विमानाचा वेग हा हवेच्या संदर्भातला वेग असतो, जमिनीच्या नव्हे. पुष्कळांना वाटते, जाताना वारा पाठीवर, येताना तोंडावर, म्हणजे फिटंफाट. तसे होत नाही. समजा अंतर ३,१५० कि.मी., विमानाचा वेग ताशी ८००, वारा ताशी १००. जाताना ३,१५० भागिले ९००, साडेतीन तास. येताना ३,१५० भागिले ७००, साडेचार तास. एकूण आठ. वारा नसता तर ७ तास ५२ मिनिटे. वारा कोणत्याही बाजूचा असो, जाऊन-येऊन तो वेळ खातोच, कारण प्रतिकूल वाऱ्यात विमान जास्त वेळ राहते. नदीत पोहणाऱ्यालाही हाच अनुभव येतो.

येथे मला एक कबुली द्यायची आहे. काही वर्षांपूर्वी अंतर्गत परीक्षेत मी असेच विमानाचे गणित घातले होते. एका मुलाने उत्तराच्या जागी लिहिले, "अंतर कोणत्या वाटेने मोजले आणि वारा होता की नाही, हे दिलेले नाही." पुढे काही नाही. मी लाल शाईने शून्य दिले, आणि शेजारी "आगाऊपणा नको" असेही लिहिले. आज तो पेपर समोर आला तर? खरे सांगायचे तर पूर्ण गुण मी आजही देणार नाही. त्याने दोन गोष्टी गृहीत धरून उत्तर काढायला हवे होते. पण ते दोन शब्द मी लिहिणार नाही. प्रश्नातली उणीव ज्याला दिसली असा वर्गात तो एकटाच होता, आणि त्यालाच मी गप्प बसवले.

म्हणून शिक्षकमित्रांपुढे माझे दुसरे मत ठेवतो. ही गणिते जरूर घालावीत, पण उत्तराबरोबर एक ओळ सक्तीची करावी : "हे उत्तर केव्हा खरे आहे?" वारा नसताना, सर्वांत जवळच्या वाटेने, वेग सर्वत्र सारखा धरून, असे काहीही. त्या ओळीला एक गुण ठेवावा. अभ्यासक्रमाला वेळ पुरत नाही ही तक्रार मी जाणतो, ती माझीही आहे. पण ह्या ओळीला अर्धे मिनिट लागते. ती ओळ लिहिण्याची सवय नसलेला मुलगा पुढे अभियंता होतो तेव्हा पुलावरून जाणाऱ्या ट्रकचे वजन "गणितात दिले होते तेवढेच" धरतो, ह्याची मला जास्त भीती वाटते.

वेळेच्या बाबतीत आणखी एक गंमत. लाँगियरब्येनचे घड्याळ उत्कियाग्विकच्या घड्याळापेक्षा १० तास पुढे आहे. आपले काल्पनिक विमान लाँगियरब्येनहून दुपारी बाराला निघाले आणि साडेचार तासांनी पोचले, तर उत्कियाग्विकला त्याच दिवशी सकाळचे साडेसहा वाजलेले असतील. निघण्याच्या आधी पोचलो! परत येताना सकाळी साडेसहाला निघाले, तर लाँगियरब्येनला रात्री नऊ. घड्याळांकडे पाहून जाण्याचा वेळ उणे साडेपाच तास, येण्याचा साडेचौदा. दोहोंची बेरीज करून दोनाने भागा. साडेचार. ह्या युक्तीत वाऱ्याची चूक शिल्लक राहते, ती कशी, हे वरच्या परिच्छेदावरून तुम्हीच शोधा.

"काल्पनिक विमान" असे मी म्हटले, कारण ह्या दोन विमानतळांमध्ये प्रवासी विमानसेवा नाही. अंतर आहे, वेळही काढला, आणि वाटच नाही! एखाद्या प्रवाशाला खरोखरच जायचे झाले, तर लाँगियरब्येनहून ओस्लो, तेथून लंडन, लंडनहून अमेरिकेतील सिॲटल, मग अँकरेज आणि शेवटी उत्कियाग्विक, अशी एक वाट आहे. प्रत्येक टप्प्याचे बृहद्वृत्त काढून बेरीज केली तर सुमारे १४,४०० कि.मी. होतात. सव्वाचार पट! म्हणजे आपल्या एका प्रश्नाला आता १९,०००, ४,९५०, ३,३८० आणि १४,४०० अशी चार उत्तरे झाली. पहिले सोडले तर एकही चूक नाही.

विमाने आहेत, दोन्हीकडे जेट उतरू शकतील अशा धावपट्ट्या आहेत, मग सेवा का नाही? सर्वांत मोठे कारण पदार्थविज्ञानाचे नाहीच. अडीच हजार वस्तीच्या गावातून पाच हजार वस्तीच्या गावाला रोज जाणार कोण? बाकीची कारणे मात्र विज्ञानाची आहेत. दोन इंजिनांच्या विमानाचे एक इंजिन वाटेत बंद पडले, तर दुसऱ्याच्या जोरावर ठरावीक वेळात एखादी धावपट्टी गाठता आली पाहिजे, असा नियम असतो. आपल्या वाटेचा मध्य दोन्ही टोकांपासून १,६९० कि.मी. दूर आहे, एका इंजिनावर ताशी ७०० धरले तर जवळजवळ अडीच तास. खाली बर्फाचा समुद्र, आणि बाजूला वळून गाठता येतील अशा धावपट्ट्या बोटांवर मोजण्याइतक्या. अमेरिकन नियमांप्रमाणे ७८ अंशांच्या उत्तरेला जाणाऱ्या विमानाला उतरण्याच्या पर्यायी जागा, इंधन गोठण्याविरुद्धची योजना आणि संदेशवहनाची सोय आधी ठरवावी लागते. विमानात कडाक्याच्या थंडीत घालायचे पोशाखही ठेवावे लागतात. संदेशवहन अवघड, कारण भूस्थिर उपग्रह विषुववृत्तावर असतात आणि ८१ अंशांच्या पलीकडे ते क्षितिजाखाली जातात. मग ध्रुवांवरून फिरणाऱ्या उपग्रहांचा किंवा लघुलहरींच्या रेडिओचा आधार. आणि सूर्यावर वादळ झाले की लघुलहरी नेमक्या ध्रुवाजवळच बंद पडतात. अशा वेळी ध्रुवावरून जाणारी विमाने दक्षिणेकडून वळवली जातात. सूर्यावर काही घडते आणि प्रवासी उशिरा पोचतो.

माणसांची भांडणेही वाट लांबवतात. १९५७ साली एका स्कँडिनेव्हियन कंपनीने कोपनहेगनहून अँकरेजमार्गे टोकियोला ध्रुवावरून विमान सुरू केले. सोव्हिएत प्रदेशावरून जाता येत नव्हते म्हणून. पुढे रशियाचे आकाश खुले झाले आणि ती वाट मागे पडली. २०२२ साली ते आकाश युरोपीय विमानांना पुन्हा बंद झाले, आणि हेलसिंकी-टोकियो हा साडेनऊ तासांचा प्रवास तेरा तासांच्या आसपास गेला. विमानांनी पुन्हा ध्रुवाचा रस्ता धरला. पृथ्वीचा आकार त्या वर्षी बदलला नव्हता.

आपल्याकडील विमानेही ह्या वाटेवर आली आहेत. १५ ऑगस्ट २०१९ रोजी एअर इंडियाचे दिल्ली-सॅन फ्रान्सिस्को विमान ध्रुवीय प्रदेशावरून गेले, आणि जानेवारी २०२१ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोहून बंगळूरला येणारे विमान ध्रुवावरून आणणारे सर्व वैमानिक स्त्रिया होत्या. आणि त्या २५ मिनिटांच्या छोट्या वाटेशी तर आपला जुना संबंध आहे. नी-आलेसुंड येथे २००८ पासून भारताचे "हिमाद्री" हे संशोधन केंद्र आहे; गोव्यात वास्को येथील राष्ट्रीय संस्था ते चालवते. भारतीय संशोधक लाँगियरब्येनला उतरतात आणि त्या छोट्या विमानाने पुढे जातात. ते विमान आठवड्यातून मोजकेच दिवस, आणि धुके किंवा वारा नसेल तर. २५ मिनिटांच्या वाटेला विल्किन्सचे गणित आजही लागू आहे. नी-आलेसुंडला एक उंच लोखंडी मनोराही उभा आहे. ११ मे १९२६ रोजी अमुंडसेन, एल्सवर्थ आणि नोबिले यांचे "नॉर्गे" हे हवाई जहाज येथून निघाले आणि ध्रुवावरून तिसऱ्या दिवशी अलास्कात उतरले. जायचे होते नोम ह्या गावी. हवामानाने उतरवले टेलर येथे.

शाळेत गोल नसेल, किंवा कुलपाची किल्ली सापडत नसेल, तर फुटबॉल घ्या. त्याचा परीघ सुमारे ६९ सें.मी. असतो, तेव्हा १ सें.मी. म्हणजे ५८० कि.मी. खडूने एक ध्रुव ठरवा. तेथून सव्वादोन सें.मी.वर लाँगियरब्येन, आणि समोरच्या बाजूला साडेतीन सें.मी.हून किंचित पुढे उत्कियाग्विक. दोरा ताणा. आणि फुटबॉलवर मधे येणारा खिळा नसतो.